साहेबाबद्दलचं मत आणि कामाच्या जागेबद्दलचं मत

२६ सप्टेंबर २०१३. अमेरिकेत सिएटलच्या 'की अरेना' स्टेडियममध्ये मायक्रोसॉफ्टचे सुमारे १३,००० कर्मचारी जमले होते. सीईओ स्टीव्ह बाल्मर यांची ही शेवटची कर्मचारी सभा होती. नेहमीसारखेच ते जोशात ओरडले, आणि शेवटी सगळ्यांसमोर रडले. समोरून टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढे दीड महिन्याने, १२ नोव्हेंबरला, मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख लिसा ब्रमेल यांचं पत्र सगळ्यांना गेलं: यापुढे कर्व्ह नाही, रेटिंगही नाही. स्टॅक रँकिंग, म्हणजे आधीच ठरलेल्या प्रमाणात चांगले-वाईट शेरे वाटण्याची पद्धत, बंद झाली. ती कंपनीतल्या लोकांना किती नकोशी होती, हे त्याआधीच्या वर्षभरात जगजाहीर झालेलं होतं.

ज्या माणसाला असा निरोप मिळाला, त्याच्याच कारकिर्दीत ही पद्धत इतकी वर्षं चालली. मग कर्मचाऱ्यांचं खरं मत कोणतं समजायचं, टाळ्या की संताप? माझ्या मते दोन्ही खरी. ती एकाच गोष्टीबद्दलची मतं नव्हतीच.

हे आत्ता लिहायला बसले ते भाचीमुळे. गेल्या महिन्यात तिला दोन ऑफर आल्या, दोन्ही पुण्यातल्या, एक हिंजवडीतून, एक खराडीतून. तिथे काम केलेल्यांनी काय काय लिहून ठेवलंय ते तिने रात्रभर वाचलं आणि सकाळी मला फोन केला. "मावशी, पहिल्या कंपनीच्या सीईओला सगळे देव मानतात. दुसऱ्या कंपनीत म्हणे वातावरण छान आहे. मग पहिलीच घेऊ ना?" बावीस वर्षं आयटीतच काढल्यावरही मला तिला पटकन उत्तर देता आलं नाही. कारण आपण मराठीत दोन्हीला एकच वाक्य वापरतो: "कंपनी चांगली आहे."

नेतृत्वाबद्दलचं मत लांबून तयार होतं. वर्षातून चार टाऊन हॉल, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या सभा, सगळ्यांना आलेली एखादी मेल, तिमाही निकालाच्या दिवशी टीव्हीवर दिसलेला चेहरा, शेअरचा भाव. हजारो लोकांच्या कंपनीत बहुतेकांना सीईओ एवढाच भेटतो. तेवढ्यावर आपण ठरवतो की हा माणूस दूरचं बघतो की नाही, याच्या शब्दावर विसंबावं की नाही. हे मत उथळच असतं असं मी म्हणणार नाही. कंपनी कुठे चालली आहे हे कळायला त्याचा उपयोग होतो. पण ते झटकन बदलतं. एक कपातीची बातमी, एक चुकीचं वाक्य, एक मोठा बोनस, आणि काटा इकडचा तिकडे.

संस्कृतीबद्दलचं मत शेजारच्या खुर्चीवरून तयार होतं. रात्री अकरापर्यंत क्लायंटचा कॉल चालला आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही उशिरा आलात, तर कोणी घड्याळाकडे बघतं का? सॉफ्टवेअरचा रिलीज फसला तर पहिला प्रश्न "काय झालं?" असतो की "कोणी केलं?" नव्या मुलीने मीटिंगमध्ये सीनिअरची चूक दाखवली, तर पुढच्या मीटिंगला तिला बोलावतात का? या गोष्टी कुठल्याच भाषणात नसतात. त्या अंगवळणी पडतात, आणि एकदा पडल्या की वरचा माणूस बदलला तरी चटकन जात नाहीत.

मायक्रोसॉफ्टचं उदाहरण घेतलं ते एवढ्यासाठी की तिथे ही दोन मतं एकमेकांपासून सुटी झालेली स्पष्ट दिसतात. बाल्मर जानेवारी २००० मध्ये सीईओ झाले. त्यांच्या काळात कंपनीचं वार्षिक उत्पन्न सुमारे २३ अब्ज डॉलरवरून जवळपास ७८ अब्जांवर गेलं. त्याच काळात मोबाइलची लाट हातची गेली आणि शेअर वर्षानुवर्षं जागचा हलला नाही. बाहेरच्या जगाने सगळा हिशोब त्या एका माणसाच्या नावावर मांडला. आतल्या लोकांशी २०१२ साली पत्रकार बोलले, तेव्हा मात्र त्यांच्या तोंडी बाल्मरपेक्षाही अप्रेझलच्या, म्हणजे वर्षभराच्या कामाला शेरा देण्याच्या, पद्धतीचं नाव पुन्हा पुन्हा आलं.

ती पद्धत साधारण अशी होती. दहा जणांची टीम असेल तर दोघांना उत्तम शेरा, सातांना मधला आणि एकाला वाईट. दहाही जण उत्तम असले तरी. हे प्रमाण काम सुरू होण्याआधीच ठरलेलं. आता यातून शहाणा माणूस काय शिकेल? हुशार लोकांच्या टीममध्ये जायचं नाही, कारण तिथे आपण खाली ढकलले जाऊ. आपल्याला कळलेली युक्ती शेजाऱ्याला सांगायची नाही. अप्रेझलचे दिवस जवळ आले की स्वतःच्या मॅनेजरबरोबर इतर मॅनेजरांच्याही नजरेत राहायचं, कारण बंद खोलीत शेवटची घासाघीस तेच करणार. यासाठी कोणी दुष्ट असावं लागत नाही. चांगल्या माणसांच्या हातूनही हे घडतं, पद्धतीनेच ते घडवलेलं असतं.

मला हे ठाऊक आहे, कारण मी ते केलं आहे. आपल्याकडच्या आयटीत याला सगळे बेल कर्व्ह म्हणतात. २०१० च्या अप्रेझलला माझ्या टीममध्ये नऊ जण होते आणि एकाला तळाच्या खणात टाकणं भाग होतं. कोणाचंच काम वाईट नव्हतं. एका मुलाला त्या वर्षी डेंग्यू झाला होता, महिनाभर तो रजेवर होता. मी त्याचं नाव दिलं. खोलीत बोलावून त्याला म्हटलं, तुझ्या कामात काही खोट नाही. तो म्हणाला, "मग मॅडम, हे रेटिंग कशाचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या तीन महिन्यांत त्याने कंपनी सोडली.

त्याच आठवड्यात कंपनीचा वार्षिक सर्व्हे आला होता. "वरिष्ठ नेतृत्वावर तुमचा विश्वास आहे का?" या प्रश्नाला मी पाचपैकी पाच दिले, आणि अगदी मनापासून दिले. आमचे सीईओ सज्जन होते, मंदीच्या काळात त्यांनी शक्य तितक्या नोकऱ्या वाचवल्या होत्या. "इथे मोकळेपणाने बोलता येतं का?" या प्रश्नाला मी दोन दिले. एचआरने पुढे सगळ्यांच्या सगळ्या उत्तरांची सरासरी काढली आणि एक आकडा पडद्यावर दाखवला. त्या आकड्यात माझे पाच आणि माझे दोन एकमेकांत विरघळून गेले होते. त्या मुलाच्या प्रश्नाचा तर मागमूसही नव्हता. मला आजही वाटतं की त्या दिवशी मी हात वर करायला हवा होता.

इन्फोसिसनेही २०१५ मध्ये सक्तीची बेल कर्व्ह सोडली. तोवर किती मॅनेजरांनी किती चांगल्या मुलांना तळाचं रेटिंग देऊन 'तुझ्या कामात काही खोट नाही' असं म्हटलं असेल, याचा विचार केला की अस्वस्थ व्हायला होतं.

परत मायक्रोसॉफ्टकडे. सत्या नाडेला ४ फेब्रुवारी २०१४ रोजी सीईओ झाले. कंपनीची संस्कृती बदलल्याचं श्रेय त्यांना मिळतं आणि त्यातलं बरंचसं रास्त आहे. 'सगळं येणारे' होण्यापेक्षा 'सगळं शिकणारे' व्हा, हा त्यांचा आग्रह कर्मचाऱ्यांपर्यंत पोचला. अप्रेझलमधला तिहेरी विचारही त्यांच्या काळात रुजला: तू स्वतः काय केलंस, दुसऱ्याच्या कामावर काय उभारलंस आणि दुसऱ्याच्या यशात तुझा वाटा किती. पण तारखा नीट पाहा. स्टॅक रँकिंग नाडेलांच्या तीन महिने आधी, बाल्मर खुर्चीत असतानाच गेलं होतं, आणि हा तिहेरी विचारही ब्रमेल यांच्या त्याच पत्रात होता. आणि नाडेला कोणी बाहेरून आलेले पाहुणे नव्हेत. ते १९९२ पासून तिथेच होते, त्याच व्यवस्थेत वाढले होते. 'वाईट साहेब गेला, चांगला साहेब आला, कंपनी सुधारली' ही गोष्ट सांगायला सोपी आहे, म्हणून ती पसरते. एका पद्धतीचा निर्णय आणि एका माणसाचं आगमन, या दोन घटना तिने एकत्र शिवून टाकल्या.

नाडेलांबद्दलचं मतही सरळ रेषेत चाललं नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये संगणक क्षेत्रातल्या स्त्रियांच्या ग्रेस हॉपर परिषदेत त्यांना विचारलं गेलं, पगारवाढ मागायला संकोच वाटणाऱ्या स्त्रियांनी काय करावं? त्यांचं उत्तर अशा अर्थाचं होतं की न मागता व्यवस्थेवर विश्वास ठेवावा, आणि त्यात कर्माचाही उल्लेख आला. मुलाखत घेणाऱ्या मारिया क्लावे मायक्रोसॉफ्टच्याच संचालक मंडळावर होत्या. त्यांनी मंचावरच असहमती सांगितली. नाडेलांनी त्याच दिवशी कर्मचाऱ्यांना मेल लिहून आपलं उत्तर पूर्ण चुकलं असं कबूल केलं. माफी लगेच मागितली, म्हणून नेत्याबद्दलचं मत सावरलं. पण २०१९ मध्ये कंपनीतल्या स्त्रियांनी छळाचे आणि डावललं जाण्याचे अनुभव एका अंतर्गत मेलमालिकेत मांडायला सुरुवात केली, आणि मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख कॅथलीन होगन यांना त्याला उत्तर द्यावं लागलं. त्याच वर्षी फॉर्च्यून मासिकाने नाडेलांना वर्षातले सर्वोत्तम उद्योगनेते म्हणून निवडलं. दोन्ही गोष्टी एकाच कंपनीतल्या, एकाच वर्षातल्या. ज्या टीममध्ये एखादीचं बोलणं रोज मध्येच तोडलं जातं, त्या टीमपर्यंत सीईओची माफी आपोआप पोचत नाही.

पोचवणारा असतो मधला मॅनेजर. गूगलने २००९ च्या सुमारास प्रोजेक्ट ऑक्सिजन नावाने आपल्याच माहितीचा अभ्यास केला. मॅनेजर असला काय नि नसला काय, असं मानणारे तिथे बरेच इंजिनिअर होते. अभ्यासातून निघालं ते उलट. चांगल्या मॅनेजरांच्या टीममध्ये लोक जास्त टिकत होते, जास्त समाधानी होते. म्हणून एकाच इमारतीत, एकाच सीईओच्या हाताखाली, तिसऱ्या मजल्यावर एक संस्कृती असते आणि पाचव्या मजल्यावर दुसरी. "कंपनीची संस्कृती" हा शब्दच त्यामुळे मला थोडा फसवा वाटतो.

नेत्यामागे उभं राहणं म्हणजे संस्कृतीला पसंती देणं नव्हे, याचा सगळ्यात ठळक दाखला चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयमधला. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी संचालक मंडळाने सीईओ सॅम ऑल्टमन यांना काढलं. तीन दिवसांत सुमारे ७७० पैकी ७०० हून अधिक कर्मचाऱ्यांनी पत्रावर सह्या केल्या: त्यांना परत आणा, नाहीतर आम्ही मायक्रोसॉफ्टकडे जाऊ. पाच दिवसांत ते परतले. सर्व्हेत इतकी मतं कुठल्या नेत्याला मिळतील? पण मे २०२४ मध्ये उघडकीला आलं की कंपनी सोडणाऱ्यांपुढे जो करार ठेवला जात होता, त्यानुसार कंपनीवर टीका केली तर मिळालेले शेअरही जाऊ शकत होते. ऑल्टमन म्हणाले की आपल्याला हे माहीत नव्हतं आणि आपल्याला लाज वाटते. कंपनीने ती अट मागे घेतली. सह्या करणाऱ्यांच्या भावनेवर मला शंका नाही. त्यांत कंपनीतल्या आपल्या हिश्श्याची काळजीही असेल, आणि ती असणं चूक नाही. पण त्या ७०० सह्यांवरून तिथे मोकळेपणाने बोलता येत होतं का, हे कोणालाच कळलं नसतं.

मोजणाऱ्यांनी प्रश्न वेगळे केले की उत्तरंही वेगळी होतात. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये आपल्या सर्व्हेबद्दल लिहिलं, तेव्हा कामात ऊर्जा आणि अर्थ वाटणं हा एक प्रश्न होता आणि काम व घर यांचा मेळ बसणं हा दुसरा. त्यांना असे लोक सापडले ज्यांना काम आवडत होतं, पण घर हातातून सुटत होतं, आणि याच्या उलटेही सापडले. ज्यांच्या दोन्ही बाजू बऱ्या होत्या, त्यांचा कामाचा आठवडा इतरांपेक्षा ५ तासांनी लहान होता. एकच सरासरी काढली असती तर हे ५ तास कधी दिसलेच नसते.

भाचीला मी संध्याकाळी परत फोन केला. म्हटलं, लोकांनी लिहिलेलं वाचताना क्रियापदं बघ. "द्रष्टे आहेत", "प्रेरणा देतात", "कंपनीला कुठल्या कुठे नेलं" असं असेल तर ते साहेबाबद्दल आहे. "रजा मागितली तर", "चूक सांगितली तेव्हा", "प्रमोशनच्या वेळी" असं असेल तर ते तुझ्या रोजच्या आठ-दहा तासांबद्दल आहे. साहेबाबद्दलचं वाच, कंपनी पाच वर्षांनी उभी असेल का हे त्यातून कळेल. पण ते वातावरणाच्या रकान्यात धरू नकोस. आणि ज्या टीममध्ये घेणार आहेत, त्या टीममधल्या एका माणसाशी बोलायला मिळेल का ते विचार. फार नको विचारूस, दोनच प्रश्न: गेल्या वर्षी तुमच्यात कोणाचं प्रमोशन झालं आणि कशाबद्दल? आणि मागचा मोठा घोळ झाला तेव्हा पुढे काय झालं?

तिने दोन्हीकडे विचारलं. ज्यांच्या सीईओला लोक देव मानत होते, तिथल्या मुलाने पहिल्या प्रश्नाचं उत्तर छान दिलं आणि दुसऱ्याला म्हणाला, "आमच्याकडे घोळ होत नाहीत." दुसऱ्या कंपनीतल्या मुलीने दहा मिनिटं एका फसलेल्या डेटाबेस मायग्रेशनची, म्हणजे सगळी माहिती एका जागेवरून दुसरीकडे हलवण्याची, गोष्ट सांगितली. ते कोणाच्या हातून झालं हे शेवटी सांगितलं: तिच्याच. आणि आता त्या मायग्रेशनची जबाबदारी तिच्याकडेच होती.

भाची सोमवारपासून खराडीला जाते आहे.