कुत्र्याचे वजन उतरवणे आणि मांजराचे वजन उतरवणे

घोडबंदर रोडवरच्या उंच इमारतींत, जाळी लावलेल्या खिडक्यांमागे सात-सात किलोचे बोके आता सर्रास दिसतात, आणि त्यांच्या मालकांना मिळणारा सल्ला बहुतेक वेळा शेजारच्या लॅब्रॅडॉरच्या अनुभवातून आलेला असतो. कुत्र्याची पद्धत सर्वांना ठाऊक आहे: बिस्किटे बंद करायची, जेवण मोजून द्यायचे आणि उपवन तलावाकडच्या फेऱ्या वाढवायच्या. मांजर असे फिरायला येत नाही, त्याला घरातच दोरीला बांधलेल्या पिसामागे पळवावे लागते, हा फरक कोणाच्याही लक्षात येतो.

घोटाळा होतो तो वेगळ्याच ठिकाणी. "नवीन खाणे ठेवा, दुसरे काही देऊ नका, भूक लागली की आपोआप खाईल," हे वाक्य ऐकून आता कान किटले आहेत. निरोगी, प्रौढ कुत्र्याच्या बाबतीत ते बहुधा खरे ठरते. तो एक दिवस रुसतो, दुसऱ्या दिवशी भांडे चाटूनपुसून साफ करतो आणि त्याचे काही बिघडत नाही. मांजराच्या बाबतीत हाच हट्ट त्याच्या जिवावर बेतू शकतो. मांजर मुळात पक्के मांसाहारी असल्यामुळे त्याच्या यकृतातले प्रथिने खर्च करण्याचे काम उपाशीपोटीही फारसे मंदावत नाही. अन्न थांबले की अंगावरची चरबी सुटून यकृताकडे येते, पण ती तिथून पुढे पाठवण्यासाठी लागणारी प्रथिनेच अपुरी पडल्याने ती साचत जाते. यालाच हिपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडले तरी त्याची सुरुवात होऊ शकते. जितकी चरबी जास्त तितका धोका मोठा, त्यामुळे "अंगात साठा भरपूर आहे, चार दिवस उपाशी राहिला तर बरेच" हा तर्क नेमका उलटा आहे. हिरड्या आणि कानाची आतली कातडी पिवळट दिसू लागते तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो, आणि मग अनेकदा कित्येक आठवडे नळीने अन्न भरवावे लागते.

म्हणून मांजराला कमी खायला द्यावे, पण उपाशी कधीही ठेवू नये. नवे खाणे जुन्यात थोडे थोडे मिसळून सात ते दहा दिवसांत बदलावे. त्याने तोंड फिरवले तर मुकाट्याने जुने द्यावे. लठ्ठ मांजराने २४ तास काहीच खाल्ले नाही, तर पशुवैद्यांना फोन करावा. नेहमीचेच खाणे एकदम निम्मे करणेही चुकीचे, कारण त्यात उष्मांकांबरोबर प्रथिने आणि जीवनसत्त्वेही निम्मी होतात. वजन उतरवण्यासाठीचे खास खाणे याच कारणासाठी वेगळे बनवलेले असते.

वेगाचे म्हणाल, तर आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का घट पुरेशी आहे, म्हणजे सहा किलोच्या बोक्यासाठी ३० ते ६० ग्रॅम. माणसाच्या वजनकाट्यावर त्याला कडेवर घेऊन उभे राहिल्याने एवढा फरक कळत नाही. दर पंधरवड्याला दवाखान्यातल्या काट्यावर किंवा तान्ह्या बाळाच्या काट्यावर वजन करावे.

वाटीच्या मापावर माझा अजिबात विश्वास नाही. ज्या मांजराचे योग्य वजन चार किलो आहे, त्याला वजन उतरवताना दिवसाला साधारण १६० किलोकॅलरी दिल्या जातात. नेमका आकडा पशुवैद्यांनी ठरवावा. कोरड्या दाण्यांच्या हिशेबाने हे ४० ते ४५ ग्रॅम होतात आणि आमटीची वाटी जेमतेम निम्मी भरते. ते पाहून प्रत्येकाचा हात आणखी चार दाणे टाकायला शिवशिवतो, म्हणून स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरावा आणि दिवसभराचा वाटा सकाळीच डब्यात काढून ठेवावा. घरातल्या आजींना त्याला काही भरवायचे असेल, तर त्यांनीही याच डब्यातले दाणे द्यावेत. सुक्या बोंबलाचा डबा मात्र त्यांच्याही हाती लागणार नाही अशा जागी हलवावा.