मैदानाचं आरक्षण वेगळं, लेआउटमधली ओपन स्पेस वेगळी

नकाशावर दोन्ही हिरव्याच. दोन्हीकडे पोरं स्टंप ठोकतात, दोन्हीकडे संध्याकाळी आजोबांच्या फेऱ्या चालतात. म्हणून ‘आमचं मैदान’ म्हणून दोन्ही खपून जातात. मग एक दिवस तिथे जेसीबी उभा दिसतो आणि पळापळ सुरू होते. अशा वेळी मोर्चा नंतर काढा. आधी हे आरक्षण आहे की ओपन स्पेस, ते बघा. महाराष्ट्रात दोन्हींचा मालक वेगळा, नियम वेगळे आणि भांडण्याची जागाही वेगळी.

आरक्षण शहराच्या विकास आराखड्यातून, म्हणजे डीपीतून येतं. आराखडा करताना कुणाच्या तरी जमिनीवर ‘क्रीडांगण’ असं लिहिलं जातं. तेवढ्याने ती जमीन महापालिकेची होत नाही. ती मालकाचीच राहते, फक्त आरक्षणाच्या आड येणारं काही त्याला तिथे बांधता येत नाही. ताब्यात घ्यायची तर पालिकेने बोलणी करून पैसे मोजायचे, टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (त्याच जमिनीच्या उरलेल्या भागावर जादा बांधकामाची परवानगी) द्यायचा, नाहीतर रीतसर भूसंपादन करायचं.

आणि इथे घड्याळ चालू असतं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम १२७ सांगतं की अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत (२०१५ च्या दुरुस्तीआधी मुदत याहून कमी होती) संपादन झालं नाही किंवा त्याची पावलंही पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. शेजारच्या जमिनीवर जे बांधता येतं, ते मग इथेही बांधता येतं. ‘पावलं’ म्हणजे काय, यावर वकिलांची बरीच शाई खर्च झाली आहे. गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संपादनाचा नुसता प्रस्ताव सरकारकडे धाडणं म्हणजे पाऊल नव्हे. थोडक्यात, पोरं पंधरा वर्षं खेळली म्हणून मैदान टिकत नाही. पालिकेने वेळेत गाठ मारली तरच टिकतं.

ओपन स्पेसचं तसं नाही. लेआउट, म्हणजे मोठ्या जमिनीवर प्लॉट किंवा इमारती कुठे येणार याचा नकाशा, मंजूर करतानाच ती काढून ठेवावी लागते. मुंबईची नियमावली वेगळी आहे, पण राज्याच्या बऱ्याचशा भागाला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीत १० टक्के जागा मोकळी सोडायची. तिचा मोबदला कुणी कुणाला देत नाही. मंजुरीचीच ती अट. त्यामुळे कलम १२७ चं घड्याळ इथे चालत नाही. मुंबईतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हेही स्पष्ट केलं की नियमाने लागणारी किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरच्या गच्चीवर, ढकलून चालणार नाही.

पण ही जागा गावाची नव्हे, त्या लेआउटमधल्या रहिवाशांच्या सामायिक वापराची. शिवाय आकार बघा. ४,००० चे १० टक्के म्हणजे ४०० चौरस मीटर. बास्केटबॉलचं कोर्टच २८ बाय १५ मीटरचं, म्हणजे ४२० चौरस मीटर! कबड्डी होईल, घसरगुंडी बसेल, पण शाळेतल्या मुलांच्या फुटबॉलला ती पुरणार नाही. म्हणून ‘आमच्या भागात प्रत्येक सोसायटीत ओपन स्पेस आहे, मैदान कशाला?’ असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. अशा तुकड्यांची बेरीज करून मैदान होत नसतं.

ओपन स्पेस जाते ती हळूहळू. आधी चार गाड्या, मग वॉचमनची खोली, मग पत्र्याची शेड. तिथे नोटीस-बिटीस काही येत नाही, म्हणून कुणी ओरडतही नाही.

कुठली जागा कुठली, हे सातबाऱ्यावरून ठरवायला जाऊ नका. पुष्कळदा दोन्हींवर जुन्या मालकाचंच नाव असतं. नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढला की आरक्षण दिसतं, आणि ओपन स्पेस सापडते ती मंजूर लेआउटच्या प्रतीत. आरक्षण निघालं तर पुढचा अर्ज माहिती अधिकारात: आराखडा कधी अमलात आला आणि मालकाची नोटीस आली आहे का?