व्हायरस नव्हे, रतीब

शनिवारी सकाळी चोपड्याहून मामांचा फोन आला. मागे केळीचे घड गाडीत भरण्याचा गलका. "मना फोनमा व्हायरस घुसी गया रे भो. तेरा शेतस. आते काय करू?" दर दहा-पंधरा मिनिटांनी फोन टिंग करतो, लाल त्रिकोण दाखवतो; त्यावर बोट ठेवलं की एक वेबपान उघडतं आणि फोनचं मॉडेल सांगून तेरा व्हायरस आहेत, दोन मिनिटांत सिमकार्ड खराब होईल म्हणतं. एका मोबाइल दुकानदाराने ३०० रुपये घेऊन 'क्लीनर' टाकून दिला होता. दुखणं तसंच राहिलं, वर क्लीनरच्या जाहिराती सुरू झाल्या.

आधी त्या तेरा व्हायरसचा निकाल लावू. ब्राउझरमधलं, म्हणजे क्रोमसारख्या साइट पाहण्याच्या साधनातलं, वेबपान म्हणजे ओसरीवर बसवलेला अनोळखी पाहुणा. त्याला माजघर दिसत नाही. तुमचे फोटो, तुमची बाकीची अ‍ॅप्स यांतलं काहीही तुम्ही हाताने दिल्याशिवाय त्याला वाचता येत नाही. या कुंपणाला सँडबॉक्स म्हणतात. मग त्याने व्हायरस मोजले कधी? मोजलेच नाहीत, तेरा हा आकडा पानात आधीच लिहून ठेवलेला असतो. मी त्या पानाचा पत्ता लॅपटॉपवर उघडला, तर लॅपटॉपचंही सिमकार्ड दोन मिनिटांत जाणार होतं!

"मंग त्याले मना फोननं मॉडेल कसं समजनं?" मामांची शंका रास्त होती. ब्राउझर प्रत्येक साइटला आपली ओळख स्वतःच सांगतो. पूर्वी त्यात फोनचं मॉडेल सरळ जायचं. क्रोमने २०२३पासून अँड्रॉइडवर त्या जागी नुसतं 'के' हे अक्षर ठेवलं, पण साइटने वेगळं विचारलं तर मॉडेल अजूनही मिळतं. गावाचा अंदाज इंटरनेटच्या पत्त्यावरून बांधतात, आणि मोबाइल डेटावर तो अनेकदा चुकतो. चोपड्यातल्या मामांना 'मुंबईतील प्रिय ग्राहक' म्हटलं होतं.

आता खरी गंमत. साइट बंद, ब्राउझर बंद, तरी संदेश येतात कसे? मामांनी कधीतरी केळीचा भाव पाहायला एक साइट उघडली होती. 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा' असं तिथे आलं, त्यांनी दाबलं. ती रोबोटची परीक्षा नव्हती, तो दुधाचा रतीब होता. रतीब लावल्यावर तुम्ही दाराला कुलूप घालून शेतात गेलात तरी दूधवाला ओट्यावर पिशवी ठेवून जातोच.

अलाऊ दाबताच तीन गोष्टी घडतात. सर्व्हिस वर्कर नावाचा छोटा प्रोग्राम साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेला असतो; तो पान बंद झालं तरी राहतो, एरवी झोपलेला. ब्राउझर त्या साइटपुरता एक खास टपालपत्ता मिळवतो. आणि तो पत्ता साइटच्या मालकाकडे जातो. पुढे मालकाने संदेश सोडला की तो थेट तुमच्याकडे येत नाही. क्रोमच्या बाबतीत तो गूगलच्या पुश सेवेकडे, म्हणजे संदेश पोचवणाऱ्या टपालखात्याकडे जातो. प्रत्येक अ‍ॅपने आपापली जोडणी सतत उघडी ठेवली तर बॅटरी दुपारीच मान टाकेल, म्हणून सगळ्यांसाठी मिळून एकच जोडणी जागी असते. तिच्यातून संदेश फोनवर उतरतो, ब्राउझर जागा होतो, तो सर्व्हिस वर्करला उठवतो आणि लाल त्रिकोण झळकतो. क्रोममध्ये ही सोय २०१५पासून आहे, आणि ती बातम्या, ईमेल अशा भल्या कामांसाठीच बनवली होती.

यात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट कुलपाची. रतीब लागतानाच फोन किल्ल्यांची एक जोडी बनवतो. एक किल्ली स्वतःकडे ठेवतो, दुसरी साइटला देतो. साइट आपली जोडी बनवते. पी-२५६ नावाच्या गणिती वक्रावर या किल्ल्यांचं असं गणित चालतं की दोघांना एकच गुप्त संख्या मिळते, आणि मधल्या पोस्टमनला ती काढता येत नाही. म्हणजे संदेश वाहून नेणाऱ्या सेवेलाही आतला मजकूर दिसत नाही. खासगीपणासाठी केलेली ही उत्तम व्यवस्था, पण तिच्यामुळे लबाडाचा मजकूरही वाटेत कुणाला वाचून अडवता येत नाही. दुसरा नियम असा की संदेश आला की ब्राउझरने तो दाखवायचाच, गुपचूप काही चालवायचं नाही. तोही तुमच्या भल्यासाठी, आणि टिंगटिंग त्याचीच.

मामींनी मधल्या काळात फोनच्या पाठीवर सोनेरी 'रेडिएशनरोधक' स्टिकर चिकटवला होता. संदेश रेडिओलहरींवरूनच येतात. स्टिकर खरा असता तर माझा फोनही मामांना लागला नसता.

तर रतीब तोडायचा कसा? फोन बंद-चालू करून किंवा नुसती कॅशे, म्हणजे ब्राउझरने साठवलेल्या तात्पुरत्या फाइली, पुसून परवानगी जात नाही. क्रोममध्ये वरचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसते. अनोळखी नावावर बोट ठेवून त्या साइटचा डेटा पुसा आणि परवानग्या रीसेट करा. परवानगी, पत्ता, सर्व्हिस वर्कर सगळंच जातं. त्याच पानावरचा वरचा खटका बंद केला तर कुठलीच साइट पुन्हा विचारणार नाही. परवानगी प्रत्येक पत्त्याला वेगळी असते, म्हणून हे लोक एकाच नावापुढे निरनिराळी अक्षरं लावून पुन्हा पुन्हा विचारतात. यादी शेवटपर्यंत पाहा.

अख्खा पडदा व्यापणारं पान हटेना, तर फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ब्राउझर फोर्स स्टॉप, म्हणजे सक्तीने बंद करा, इंटरनेट बंद ठेवून उघडा आणि तो टॅब मिटवा. ब्राउझरला हातही न लावता दुसऱ्या अ‍ॅपवर जाहिरात येत असेल, तर संशयित वेबपान नव्हे, अलीकडे टाकलेलं एखादं अ‍ॅप; मामांच्या बाबतीत तो ३०० रुपयांचा क्लीनर. आणि घाबरून कुणी कार्डाचा नंबर वा ओटीपी देऊन बसलं असेल, तर आधी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावायचा, बाकी नंतर.

व्हिडिओ कॉलवर मामांची यादी उघडली. अकरा नावं, त्यांतली आठ एकाच खानदानातली. दहा उडवली. अकराव्याला मामांनी हात आडवा घातला: "ते राहू दे, त्यावर भाव येस." तेच मूळ पान होतं. भाव पाहायला रतीब लागत नाही हे पटवण्यात आणखी वीस मिनिटं गेली, तोवर गाडी बऱ्हाणपूरकडे निघाली होती.