ट्यूनर कच्चा, म्हणून चॅनलं रिकामी

टीव्हीचं चित्र बिघडलं की आपण आधी अँटेना हलवतो, मग प्रक्षेपण केंद्राला नावं ठेवतो. सेटच्या आतला, हवं ते चॅनल निवडून घेणारा ट्यूनर सहसा नामानिराळा राहतो. अमेरिकेत मात्र याच ट्यूनरच्या कच्चेपणापायी यूएचएफ या वरच्या वारंवारतेच्या पट्ट्यातली कितीतरी चॅनलं शहराशहरांत वर्षानुवर्षं रिकामी ठेवावी लागली.

मूळ आहे अमेरिकी अभियंता एडविन आर्मस्ट्राँगच्या १९१८ सालच्या सुपरहेटरोडाइन पद्धतीत. येणाऱ्या संकेतात सेटमध्येच तयार केलेली दुसरी लहर मिसळायची आणि दोन्हींतल्या फरकाएवढ्या ठरावीक वारंवारतेवर पुढचं सगळं काम उरकायचं. अमेरिकी सेटमध्ये चित्रासाठी हा फरक ४५.७५ मेगाहर्ट्झ (आपल्याकडे ३८.९). युक्ती झकास, पण तिला दोन खोडी आहेत. २० नंबरचं चॅनल घ्या. त्याची चित्रलहर ५०७.२५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे ती दुसरी लहर तयार करणारा सेटमधला ऑसिलेटर ५५३ वर चालणार. ही जागा २७ नंबरची. ऑसिलेटरची लहर अँटेनावाटे बाहेर झिरपली की शेजारी २७ बघणाऱ्याच्या पडद्यावर रेघा. आपला टीव्हीच बारकासा प्रक्षेपक झाला! दुसरी खोड अशी, की ५५३ च्या वर तेवढ्याच अंतरावर, ५९८.७५ ला, ३५ नंबरचं चित्र असतं. ट्यूनरने ते दाराशीच अडवलं नाही, तर २० वर ३५ ची घुसखोरी.

एप्रिल १९५२ मध्ये तिथल्या एफसीसी या प्रसारण नियामक संस्थेने १४ ते ८३ ही यूएचएफ चॅनलं खुली केली, ती हीच आकडेमोड करून. सात घरं पलीकडचं चॅनल ६० मैलांच्या आत नको, पंधरा घरं पलीकडचं ७५ मैलांच्या आत नको, आणि अशीच आणखी काही अंतरं. अभियंते या नियमांना 'टॅबू' म्हणत. सेट सुधारायचा सोडून नकाशाच आखडता घेतला, असं आज वाटतं खरं. पण चांगला ट्यूनर महाग पडायचा, आणि बहुतेक सेटमध्ये यूएचएफ ट्यूनर नसायचाच. तो सक्तीचा करणारा कायदा १९६२ चा, अंमल १९६४ पासून. मिळाला तोही कसा? व्हीएचएफचं, म्हणजे खालच्या पट्ट्यातल्या चॅनलांचं बटण खटकन चॅनलवर बसे. यूएचएफचं मात्र रेडिओच्या काट्यासारखं हळूहळू फिरवत स्टेशन शोधावं लागे.

१९९७ मध्ये प्रत्येक केंद्राला डिजिटलसाठी जादा चॅनल द्यायची वेळ आली, तेव्हा ही राखून ठेवलेली जागा कामी आली. डिजिटल संकेताचं कमी ताकदीत भागतं. गोंगाटापेक्षा साधारण १५ डेसिबल वर असला की चित्र निर्मळ; त्याखाली घसरला की चौकोन, थिजलेले चेहरे, मग काळा पडदा. जुन्या सेटवर मुंग्या, रेघा, दुहेरी सावल्या बघून मेकॅनिक दुखणं ओळखायचा. आता सगळ्या दुखण्यांचं लक्षण एकच.

१२ जून २००९ ला अमेरिकेतली मोठी केंद्रं पूर्ण डिजिटल झाली. फिलाडेल्फियाचं डब्ल्यूपीव्हीआय ६ नंबरवर, म्हणजे ८२ ते ८८ मेगाहर्ट्झवर गेलं. वरच्या अंगाला चिकटून एफएम रेडिओ, आणि या खालच्या पट्ट्यात घरातल्या विजेच्या उपकरणांची खरखरही जास्त. तक्रारी आल्या, केंद्राला ताकद वाढवून द्यावी लागली.

दरम्यान पत्र्याच्या डबीतल्या ट्यूनरच्या जागी सिलिकॉनची चिप आली. अनेक चिपांत मधली वारंवारता, म्हणजे सुरुवातीला सांगितलेला तो ठरावीक फरक, अगदी खाली आणलेली असते, त्यामुळे पंधरा घरांचा जुना हिशेब तिथे लागूच पडत नाही.

नवा शेजारी मोबाइलचा. अमेरिकेत टीव्ही आता ३६ नंबरपाशी, ६०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि ६१७ पासून फोनचे टॉवर बोलू लागतात. जुने सेट आणि अँटेनाचा संकेत वाढवणारे बूस्टर मात्र त्याच्या बऱ्याच वरपर्यंत कान उघडे ठेवून बसलेले. जवळच्या टॉवरच्या दणक्याने बूस्टरच गुदमरतो आणि एकदम सगळी चॅनलं जातात. ब्रिटनमध्ये ८०० मेगाहर्ट्झवर फोरजी आलं, तेव्हा यासाठी घरोघरी फिल्टर पाठवले होते. फिल्टर लावायचा तो अँटेना आणि बूस्टरच्या मधे. बूस्टरनंतर लावला तर गुदमरायचं ते आधीच गुदमरलेलं असतं.