ड्रोन सर्वेक्षण आणि खासगीपणा

ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेच्या कामासाठी ड्रोन उडवताना रहिवाशांच्या खासगी आयुष्यात डोकावले जाऊ नये, म्हणून पाळायची बंधने. महाराष्ट्रात हा प्रश्न घरोघरी पोहोचला तो गावठाण मोजणीमुळे. शेतजमिनीला सातबारा असतो; गावठाणातल्या असंख्य घरांना मात्र मालकीचा कागदच नव्हता. तो मिळावा म्हणून २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. गावात आधी कल्पना दिली जाते, मिळकतधारक चुन्याने हद्दी आखतात, मग ड्रोन उडतो. चित्रांवरून नकाशा, जागेवर पडताळणी, हरकती आणि शेवटी मिळकत पत्रिका, असा हा क्रम आहे.

परसदारी आडोसा करून बांधलेल्या न्हाणीला अनेकदा छप्पर नसते. शेजारपाजारची नजर भिंत अडवते, वरून येणारी नजर कशानेच अडत नाही. म्हणून चित्र किती बारकाईने टिपायचे, हा केवळ तांत्रिक तपशील राहत नाही. या मोजणीत चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे सुमारे ५ सेंटीमीटर. त्यात भिंत, ओटा, कुंपण ओळखता येते, चेहरा नाही. आणि हद्द ठरवायला एवढे पुरेसे असते. ड्रोन खाली आणला किंवा झूमचा कॅमेरा लावला, की मोजणीची पाळत होते.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्यानुसार सरकारी हस्तक्षेपाला कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि गरजेपुरतीच मर्यादा लागते. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेले केंद्राचे ड्रोन नियम मात्र मुख्यतः नोंदणी, परवाने आणि हवाई क्षेत्रापुरते आहेत. त्याच वर्षी मार्चमध्ये आलेल्या नियमांत खासगीपणा राखूनच चित्रण करण्याची अट होती. ऑगस्टच्या नियमांत ती उरली नाही, हे मोठेच नुकसान म्हटले पाहिजे.

नंतर दाद मागणे किती अवघड असते, हे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात दिसले. लाँग लेक टाउनशिप या स्थानिक स्वराज्य संस्थेने वॉरंटशिवाय एका घराच्या आवाराचे ड्रोनने फोटो काढले होते. ही झडती घटनाबाह्य मानली तरी दिवाणी प्रकरणात ते फोटो पुरावा म्हणून चालतील, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ठरवले.

त्यामुळे खरे संरक्षण उड्डाणाआधीच ठरते. उड्डाणाचा दिवस आणि वेळ दवंडी देऊन किंवा फलकावर कळवणे, उंची ठरवणे, हे त्यातले सोपे भाग. हरकतींसाठी नकाशा सर्वांसमोर मांडावाच लागतो; पण मूळ छायाचित्रे कोणाच्या ताब्यात राहतील, कधी नष्ट होतील आणि करवसुलीसाठी किंवा पोलिसांना देता येतील का, हे ग्रामसभेच्या ठरावात आधीच लिहून घ्यावे लागते.