हिस्टॉरिक की हिस्टॉरिकल?

मराठीत 'ऐतिहासिक' म्हटलं की काम भागतं. कादंबरी ऐतिहासिक, विजय ऐतिहासिक, वाडाही ऐतिहासिक. बडोद्यातल्या मराठी घरांतली मुलं बाहेर गुजराती बोलतात, पण तिथेही हाच शब्द आहे. इंग्रजीत मात्र यासाठी दोन शब्द आहेत, मग इंग्रजी निबंध लिहिताना गाडी अडते ती इथेच.

हिस्टॉरिकल म्हणजे इतिहासाशी किंवा गतकाळाशी संबंधित, बस्स. त्यात मोठेपणाचा दावा नाही. संस्थानी काळातली कुणा वाण्याची उधारीची वही सापडली, तर तीही हिस्टॉरिकल रेकॉर्डच.

हिस्टॉरिक म्हणताना मात्र आपण निवाडा देतो: या गोष्टीला इतिहासात मोठं महत्त्व आहे. सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेलीत सुरू केला आणि १९०६ मध्ये ते शिक्षण संस्थानभर लागू केलं. हा निर्णय हिस्टॉरिक. त्या काळातल्या एखाद्या शाळेचा हजेरीपट हिस्टॉरिकल.

हा निवाडा बहुधा मागाहून होतो. १९१७ साली डॉ. आंबेडकर संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यात आले. जातीमुळे त्यांना पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं, गावात कुठे जागा मिळेना, आणि ते कमाटीबागेत जाऊन बसले. तेव्हा बागेत फिरायला आलेल्यांना त्यात काय वेगळं दिसलं असणार? आज तो दिवस आपण हिस्टॉरिक म्हणतो, आणि म्हणायलाच हवा. म्हणून दर सामन्यानंतर 'हिस्टॉरिक विजय' लिहिलेलं मला खटकतं. शब्दाचं वजनच जातं.

कादंबरीच्या बाबतीत चूक चालत नाही. शिवकालावरची कादंबरी हिस्टॉरिकल नॉव्हेल. हिस्टॉरिक नॉव्हेल म्हटलंत, तर त्या पुस्तकानेच इतिहास घडवला, असा अर्थ होतो. इमारतींचं तेवढं कडक नाही. १८९० मध्ये पूर्ण झालेल्या लक्ष्मी विलास पॅलेसला हिस्टॉरिक बिल्डिंग म्हणणं जास्त रूढ आहे, हिस्टॉरिकल लिहिलं तरी सहसा कुणी अडवणार नाही.

क्रियाविशेषणाला हा घोळ नाही, दोन्हींचं हिस्टॉरिकलीच होतं. आणि या शब्दांच्या आधी 'अ' हे आर्टिकल लावा. जुन्या ब्रिटिश लेखनात 'अ‍ॅन हिस्टॉरिक' दिसतं, पण आपण 'ह' स्पष्ट उच्चारतो, तेव्हा 'अ हिस्टॉरिक' हेच बरोबर.