फेस, मूठ आणि मॅटिक: घरच्या धुण्याची पार्श्वभूमी

धुण्यात पैसे आणि पाणी वाचवायचा विषय निघाला की लोक लगेच स्टार रेटिंगवर येतात. आपल्याकडचा घोळ मात्र मशीनच्या आधीपासूनचा आहे आणि तो आहे फेसाचा.

रिठा, राख, दगडावर आपटणं हे सगळ्यांना माहीत आहे, ते सोडून देते. 1888 ला कलकत्त्याच्या बंदरात विलायती सनलाइटच्या पेट्या उतरल्या, पुढे वडीचा साबण हळूहळू घरोघरी गेला. वडीच्या काळात फेस हे खरंच माप होतं. विहिरीचं पाणी जड असलं की त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम आधी साबण खाऊन टाकतं, बादलीत पांढरट चिकट साका येतो, आणि पाण्याचं पोट भरल्यावरच फेस धरतो. म्हणजे फेस आला की समजायचं, आता कुठे साबण कपड्याला लागतोय. म्हणून तर आधी चिमूटभर धुण्याचा सोडा टाकायचे, वडी जास्त दिवस पुरायची.

पावडर आली आणि हे माप बिघडलं. 1959 मध्ये सर्फ आलं, आणि ते नाव इतकं रुळलं की आजही वाण्याकडे "सर्फ द्या" म्हणून लोक भलतीच पावडर घेऊन येतात. पण ही पावडर साबण नव्हेच, डिटर्जंट. जड पाण्यात साका धरत नाही, थोड्यातही भसाभस फेसाळते, आणि फेस किती आला यावरून मळ किती निघाला हे कळत नाही. सवय मात्र वडीचीच राहिली, आणि कंपन्यांनी ती मोडायच्या ऐवजी जपली, कारण फेस दिसला की गिऱ्हाईक खूश.

तरी सर्फ महाग होतं म्हणून चमच्याने मोजून टाकलं जायचं. 1969 मध्ये अहमदाबादच्या एका केमिस्टने घरीच पिवळी पावडर मिसळून सायकलवरून विकायला सुरुवात केली, किलोला साधारण तीन रुपये, सर्फच्या चौथाईच्या आसपास. हात चरचरायचे पण परवडायची. या पावडरीने लाखो घरांचे पैसे वाचवले यात वाद नाही, पण माझ्या मते तेव्हाच चमचा गेला आणि मूठ आली. मूठभर पावडर कपड्यातून काढायला तीन-चार बादल्या विसळणं आलं, आणि पाण्याचा पैसा कुणाला सुटा मोजावा लागत नव्हता म्हणून ते खर्चात कुणी धरलंच नाही. विसळताना फेस लवकर बसतो म्हणून रोज दोन बादल्या वाचवा असं सांगणारी पावडरची जाहिरात यायला 2000 साल उलटावं लागलं.

आता मॅटिक, म्हणजे मशीनसाठीच्या पावडरीच्या पुड्यावर असतो तो शब्द. या शब्दावरून जेवढे वाद घरात होतात तेवढे मशीन घेतानाही होत नसतील. फ्रंट लोडमध्ये, म्हणजे पुढून काचेचं दार असलेल्या मशीनमध्ये, पाणी कमी, कपडे वरून खाली आपटून धुतले जातात, त्यात फेस झाला तर तो गादीसारखा मध्ये येतो, आपटणंच बसत नाही, आणि काही मशीन्स फेस जास्त झालाय हे ओळखून आपणहून आणखी एकदा विसळतात. म्हणून कमी फेसाची पावडर, एवढाच त्याचा अर्थ. तिथे मॅटिक हवीच. पण टॉप लोडची वेगळी, फ्रंट लोडची वेगळी आणि बादलीची वेगळी असे तीन पुडे एका घरात कशाला हे मला आजवर पटलेलं नाही, कमी फेसाची पावडर बादलीतही चालते. अडचण एवढीच की काचेतून फेस दिसत नाही म्हणून लोक आणखी एक झाकण ओततात, आणि मग कपडे वाळल्यावर कडक का लागतात म्हणून विचारतात!

फ्रंट लोडने अजून एक गोष्ट आणली, हीटर. कॉटनचा प्रोग्राम बऱ्याच मशीनवर आपोआप 40 किंवा 60 अंशांवर असतो. आपल्या नळाचं पाणीच 25 च्या आसपास, तिथून 15 लिटर पाणी 60 वर न्यायला साधारण 0.6 युनिट वीज जाते, रोजच्या घामाच्या कपड्यांना त्याची गरज नसते, थंडवर ठेवलं की झालं.

गंमत म्हणजे पाणी वाचवायची खरी हुशारी सेमी ऑटोमॅटिकवाल्या बायकांकडे होती, अजूनही आहे. एकाच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी. फुल्ली ऑटोमॅटिकने ते पाणी थेट गटारात पाठवलं. आता काही जण ड्रेनचा पाइप बादलीत सोडून ते पाणी संडास-बाल्कनीला वापरतात. कुंड्यांना मात्र पहिलं पाणी घालू नका, त्यात सोडा असतो, शेवटच्या विसळण्याचं अधूनमधून चालेल.